कानशिलाची खिडकी

1998 साली मीरा रोडला राहायला आलेल्यांना तेव्हाचं गाव अजून आठवत असेल. स्टेशनच्या पूर्वेला मिठागरांवर भराव पडत होता, नव्या इमारतींच्या रांगा उभ्या राहत होत्या. नगरपरिषद होऊन तेरा वर्षं झाली होती आणि महानगरपालिका व्हायला अजून चार वर्षं होती. घरात मोठं दुखणं आलं की लोकल पकडायची आणि परळची रुग्णालयं गाठायची, हा इथला शिरस्ता. भक्तिवेदांत हॉस्पिटल इथं सुरू झालं ते त्याच वर्षी. तोवर या वस्तीला गंभीर आजारासाठी मुंबईवाचून गत्यंतर नव्हतं.

त्याच वर्षी, 2 जुलैला, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक निबंध छापून आला. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांच्या कानशिलावर बोटभर लांबीची एक नळी टेकवून मेंदूच्या धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजायचा. वेग सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त निघाला, तर ते मूल वरून कितीही धडधाकट दिसो, त्याच्या अंगावरून वारं जाण्याचा धोका मोठा. अशा मुलाला दर महिन्याला रक्त देत राहिलं, तर तो धोका 92 टक्क्यांनी उतरतो. लहान मुलांचा लकवा येण्याआधी ओळखता येतो आणि टाळताही येतो, हे इतक्या ठामपणे वैद्यकाला पहिल्यांदाच सांगता आलं.

मीरा रोडहून उत्तरेला वसईची खाडी ओलांडली की आजचा पालघर जिल्हा लागतो. तेव्हा तो सगळा ठाणे जिल्हाच होता. पुढे तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हा आदिवासी मुलूख. आपल्या हद्दीतही काशिमीऱ्याच्या डोंगराकडेला आदिवासी पाडे आहेत, आणि पोटासाठी विदर्भातून आलेली कुटुंबं तर या पट्ट्यात ठिकठिकाणी आहेत. सिकलसेल ज्यांच्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला तीच ही माणसं. अमेरिकेतला तो निबंध त्यांच्याही मुलांबद्दल होता. तो इथवर का आणि कसा पोचायला हवा होता हे समजायचं, तर आधी ध्वनीची आणि रक्ताची अशा दोन गोष्टी सांगाव्या लागतील.

ध्वनीची गोष्ट मीरा रोडच्या फलाटावर कुणालाही ऐकू येते. गुजरातकडे जाणारी एक्सप्रेस इथं थांबत नाही, भोंगा वाजवत निघून जाते. गाडी जवळ येत असताना भोंग्याचा सूर चढा लागतो आणि ती पुढे गेली की एकदम उतरतो. ख्रिश्चन डॉप्लर यांनी 25 मे 1842 रोजी प्राग शहरात हा सिद्धांत मांडला, पण तो ताऱ्यांच्या रंगांविषयी. रंगांबद्दलचं त्यांचं म्हणणं पुढे टिकलं नाही, मूळ नियम मात्र पक्का निघाला. 1845 मध्ये हॉलंडच्या बाइज-बॅलट या शास्त्रज्ञाने उत्रेख्तजवळ आगगाडीवर वादक बसवले आणि रुळांशेजारी सुरांची उत्तम जाण असलेली माणसं उभी केली. गाडी किती वेगाने येते आहे हे सुरातल्या फरकावरून काढता येतं, हे तिथं कानांनी सिद्ध झालं.

रक्तातल्या तांबड्या पेशीही वाहतात, म्हणजे त्यांच्यावर आदळून परतणाऱ्या आवाजाचा सूरही बदलणार. जपानच्या ओसाका विद्यापीठात शिगेओ सातोमुरा यांनी 1950च्या दशकात हे करून दाखवलं. हातापायांच्या धमन्यांतल्या प्रवाहावरचं त्यांचं काम 1959 साली प्रसिद्ध झालं. मान, दंड, मांडी, सगळीकडच्या शिरा आता ऐकता येऊ लागल्या. मेंदू तेवढा राहिला, कारण वाटेत कवटी होती.

या कवटीने एका माणसाला फार मोठा दगा दिला, आणि त्याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ऑस्ट्रियातले मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल डुसिक. भाऊ फ्रेडरिक भौतिकशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून 1930च्या दशकाच्या अखेरीस असं ठरवलं की डोक्याच्या एका बाजूने अतिस्वन ध्वनी पाठवायचा, दुसऱ्या बाजूने तो टिपायचा आणि मधे मेंदूच्या पोकळ्या कुठे आहेत ते कागदावर उमटवायचं. माणसाच्या शरीराचं रोगनिदान ध्वनीने करण्याचा हा पहिलाच पद्धतशीर प्रयत्न. 1942 साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, त्यांनी तो जाहीर केला. चित्रं उमटत होती. त्यांत पोकळ्यांसारखे आकारही दिसत होते. पुढची काही वर्षं जगभरातल्या प्रयोगशाळा या वाटेने गेल्या. मग 1952 मध्ये जर्मनीतल्या ग्युटनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदू नसलेल्या नुसत्या कवटीतूनही तसेच आकार उमटतात. डुसिक जे मेंदूच्या पोकळ्या म्हणून वाचत होते, ती कवटीच्या हाडाच्या जाडपातळपणाची छाया होती.

डुसिक यांची चूक मला लहान वाटत नाही, पण तिने पुढच्यांना नेमकी अडचण कळली. हाड ध्वनी गिळतं, विस्कटतं, आणि सूर जितका चढा तितका जास्त गिळतं. स्वीडनमध्ये लार्स लेक्सेल यांनी 1950च्या दशकात चित्राचा नाद सोडला आणि ध्वनीला एकच साधा प्रश्न विचारला: मेंदूची मधली रेषा मध्यावर आहे की एका बाजूला सरकली आहे? डोक्याला मार लागलेल्या मुलाच्या कवटीत रक्त साचलं की ती रेषा सरकते. सीटी स्कॅन येईपर्यंत, म्हणजे 1970च्या दशकापर्यंत, अनेक रुग्णालयांत हीच पद्धत चालली. रक्त मात्र अजूनही बंद दाराआडच वाहत होतं.

ते दार 1982 मध्ये उघडलं. रुने आस्लिद हे नॉर्वेचे संशोधक स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात मेंदूच्या शल्यचिकित्सकांबरोबर काम करत होते. मेंदूच्या धमनीवरची फुगवटी फुटून रक्तस्राव झालेले रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचत, आणि काही दिवसांनी धमन्या आवळल्या गेल्यामुळे दगावत. त्या आवळतायत हे दगावण्याआधी कळावं, ही गरज होती. आस्लिद यांनी दोन गोष्टी केल्या. मानेच्या शिरांसाठी वापरतात त्यापेक्षा बराच खर्जातला, 2 मेगाहर्ट्‌झचा ध्वनी निवडला. आणि कवटीवर जागा निवडली ती गालाच्या हाडाच्या कमानीवरची, डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि कान यांच्यामधली, जिथं हाड सर्वांत पातळ असतं. आपण जिला कानशील म्हणतो तीच. ध्वनी एकसलग न सोडता ठोक्याठोक्याने सोडला, म्हणजे किती वेळाने परतला यावरून किती खोलीवरून परतला ते कळतं.

मार्कवाल्डर आणि नॉर्नेस या सहकाऱ्यांबरोबरचा त्यांचा निबंध त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 20 ते 65 वयाची 50 निरोगी माणसं होती. मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला 62 सेंटिमीटर भरला. ही झाली ट्रान्सक्रेनियल डॉप्लर, डॉक्टरांच्या बोलण्यातली टीसीडी. यात चित्र नसतं. एक आलेख असतो आणि आवाज असतो. गणित असं जमून आलंय की 2 मेगाहर्ट्‌झचा ध्वनी सेकंदाला एक मीटर धावणाऱ्या रक्तावरून परतला की सुरातला फरक साधारण 2600 हर्ट्‌झ पडतो, म्हणजे थेट माणसाच्या कानाला ऐकू येणारा. तपासणारी व्यक्ती मेंदूतलं रक्त अक्षरशः कानांनी ऐकते.

या पद्धतीने आधी रक्तस्रावाचे रुग्ण सांभाळले. मग ती दुर्मीळ आजारांकडे वळली. सेंदाईच्या सुझुकी आणि ताकाकू यांनी 1969 मध्ये मोयामोया या आजाराचं वर्णन केलं होतं. त्यात मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्या टोकाशी हळूहळू बंद होत जातात आणि भोवती बारीक, कमकुवत शिरांचं जाळं तयार होतं. मुलं त्यात लकव्याने अधू होतात. धमन्यांच्या चित्रासाठी तेव्हा शरीरात नळी घालून औषध सोडावं लागे, आणि ते लहान मुलावर वारंवार करणं क्रूरच. कानशिलावरून वेग ऐकणं मात्र शंभरदा करता येतं. सिकलसेलच्या मुलांच्या मेंदूतही अगदी याच जागी, याच धर्तीवर धमन्या अरुंद होतात.

सिकलसेलची हकीकत 1910 साली शिकागोत सुरू होते. जेम्स हेरिक यांनी कॅरिबियन बेटांवरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात कोयत्यासारख्या वाकड्या पेशी पाहिल्या. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे दाखवलं. 1950च्या दशकात व्हर्नन इंग्रॅम यांनी तो दोष एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं आलं एवढाच आहे, हे शोधलं. हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार, असा समज तोवर घट्ट बसला होता. 1952 मध्ये लेमान आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला. सहा वर्षांनी, 1958 मध्ये, नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं. महाराष्ट्राला आपल्या घरात काय आहे ते तेव्हापासून ठाऊक आहे. राज्याची स्थापना व्हायच्या आधीपासून, हे मुद्दाम नोंदवतो.

ठाऊक असणं आणि दखल घेणं यांत मात्र कितीतरी वर्षं गेली. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी 1970च्या दशकापासून आदिवासी भागांत जाऊन रक्त तपासलं, महाराष्ट्र आरोग्य मंडळामार्फत काम उभं केलं. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नागपुरात संपत रामटेके यांनी रुग्णांच्या आईबापांना एकत्र आणून संघटना बांधली, सरकारदरबारी खेटे घातले. त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या रक्तविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत डॉ. रोशन कोलाह यांनी हिमोग्लोबिनच्या आजारांवर आयुष्य घातलं. या सगळ्यांचं पहिलं काम एकच होतं, आजार आहे हे सिद्ध करणं. पाड्यावर बोट टोचून रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकायचा. पलीकडे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसल्या तर ठीक, गढूळपणामुळे दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी. इतकी साधी चाचणी, पण ती दारोदार नेणारी माणसं हवीत.

भारतातल्या रुग्णांचा सिकलसेल सौम्य असतो, असंही बराच काळ म्हटलं गेलं. त्याला आधार आहे. आपल्याकडच्या आणि अरबस्तानातल्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जन्मानंतरही जास्त प्रमाणात टिकून राहतं आणि ते पेशींना वाकू देत नाही. लकव्याचं प्रमाणही आफ्रिकी वंशाच्या मुलांपेक्षा कमी आढळलंय. पण या ‘सौम्य’ शब्दाने विदर्भाचं नुकसान केलं, असं माझं मत आहे. नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि परळची संस्था यांनी जन्मतःच ओळखलेल्या बाळांचा पुढे पाठपुरावा केला, त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. काही मुलं खरोखर बरी राहतात आणि काही लहानपणीच वारंवार दवाखान्यात येतात, असा तो मिश्र हिशेब आहे. सरासरी सौम्य म्हणून एखाद्या मुलाचा धोका सौम्य होत नाही. कोणत्या मुलाचा धोका मोठा, हे सरासरी सांगत नाही, तपासणी सांगते.

या तपासणीचं उत्तर अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा शहरात मिळालं. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात रॉबर्ट ॲडम्स हे मज्जाविकारतज्ज्ञ आणि व्हर्जिल मकी हे मुलांच्या रक्तविकारांचे डॉक्टर होते. मकींच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या सिकलसेलच्या मुलांपैकी काहींना अचानक लकवा यायचा. कालपर्यंत शाळेत जाणारं पोर एका सकाळी उठतं ते हात लुळा पडलेला, तोंड वाकडं झालेलं, वाचा गेलेली. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत सिकलसेलच्या 11 टक्के रुग्णांना विसाव्या वर्षाच्या आत पक्षाघात झाल्याचं आढळलं. आधी काहीच लक्षण नाही. आईबापांनी पाहायचं तरी कशावर?

ॲडम्स यांचा तर्क सरळ होता. भाईंदरच्या रेल्वे पुलाखाली भरतीचं पाणी खांबांच्या अरुंद फटींतून जाताना कसं जोर धरतं, ते खाडीकाठच्या कोळ्याला सांगावं लागत नाही. धमनी टोकाशी अरुंद झाली की तिथं रक्तही तसाच वेग धरतं. त्यात अंगात रक्त कमी असल्याने सिकलसेलच्या मुलाचं हृदय मेंदूकडे आधीच जास्त रक्त ढकलत असतं. वेग मोजला तर अरुंदपणा लकव्याच्या आधी कळेल. कोणतंही लक्षण नसलेल्या 190 मुलांना त्यांनी तपासलं आणि पुढे काय होतं ते पाहत राहिले. 1992 मध्ये निकाल जाहीर झाला. वेग जास्त निघालेली मुलं 23 होती. पुढे सात मुलांना लकवा आला, आणि त्या सातांपैकी सहा या 23 मधली होती. उरलेल्या 167 मुलांत एक.

तपासणीच्या खोलीत काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. मूल जागं हवं. झोपलेल्या मुलाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मेंदूतला वेग फसवा चढतो, म्हणून औषध देऊन झोपवायचं नाही. रडणंही चालत नाही. ताप असेल तर आकडा वाढतो, नुकतंच रक्त दिलं असेल तर उतरतो, म्हणजे तो दिवसही टाळायचा. आईने मांडीवर घेतलं तरी चालतं, समोर कार्टून लावलं तर उत्तम. आधी डोक्याची रुंदी मोजतात, म्हणजे मध्य कुठे ते कळतं. मग कानशिलाला थंडगार जेल लावायचं आणि नळी टेकवून केसाकेसाने तिरपी करत राहायचं. पहिले काही क्षण नुसती खरखर. मग एकदम हृदयाच्या लयीतला ‘हूश, हूश’ असा आवाज उमटतो. तिथून दोन-दोन मिलिमीटरने खोली बदलत धमनीचा माग काढायचा. एका विशिष्ट खोलीवर आलेख एकाच वेळी वरही उमटतो आणि खालीही. तिथं धमनीला फाटा फुटलेला असतो, एक शाखा नळीकडे येते आणि दुसरी दूर जाते. ती खूण सापडली की तपासणारा सुटकेचा श्वास सोडतो. मग दुसरं कानशील. मुलांचं हाड पातळ असल्याने ही खिडकी त्यांच्यात बहुधा उघडी मिळते. म्हातारपणी हाड जाड झालं की कित्येकांत ती बंद झालेली असते.

वेग 170 च्या खाली असला तर ठीक, 170 ते 199 असला तर लवकर पुन्हा बोलवायचं, 200 किंवा जास्त असला तर धोका. ही कसोटी घेऊन 1995 च्या आरंभी अमेरिकेत 14 ठिकाणी ‘स्टॉप’ हा प्रयोग सुरू झाला; सुरुवातीला सांगितलेला 1998चा निबंध याच प्रयोगाचा. 2 ते 16 वयाच्या जवळपास दोन हजार मुलांची कानशिलं तपासून धोक्याची 130 मुलं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी झाली: 63 मुलांना नियमित रक्त, 67 मुलांना नेहमीचे उपचार. रक्त मिळणाऱ्यांत एका मुलाच्या मेंदूला इजा झाली. न मिळणाऱ्यांत अकरा मुलांच्या. फरक इतका उघड होता की सप्टेंबर 1997 मध्ये, ठरल्या मुदतीआधीच, प्रयोग थांबवला आणि अमेरिकेच्या आरोग्य संस्थेने देशभरच्या डॉक्टरांना तातडीची सूचना पाठवली. उरलेल्या मुलांनाही रक्त देऊ करायचं होतं. आणखी आकडे जमवत बसणं म्हणजे आणखी मुलं अधू होऊ देणं झालं असतं. त्या निर्णयाबद्दल मला फार आदर वाटतो.

मात्र रक्त देणं हा कायमचा तोडगा नव्हता. थोडी वर्षं दिलं, वेग उतरला, आता थांबवावं का? 2005 मध्ये ‘स्टॉप 2’चं उत्तर आलं: थांबवलेल्यांत वेग पुन्हा चढला, दोघांना लकवाही आला. म्हणजे वर्षानुवर्षं दर महिन्याला रक्त. त्यातून अंगात लोह साचतं, ते उतरवायला वेगळी औषधं लागतात. ऑगस्टा शहरात हे कठीण, पण शक्य. मोखाड्याच्या पाड्यावरून महिन्यातून एकदा मूल घेऊन, मजुरी बुडवून, एसटी आणि लोकल बदलत रक्तपेढी गाठायची, आणि तेही दहा-दहा वर्षं, ही गोष्ट कोणत्या आईला सांगायची?

म्हणून पुढचा टप्पा आपल्या दृष्टीने जास्त मोलाचा. हायड्रॉक्सियुरिया ही रोज घ्यायची साधी गोळी. गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवणारी. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी आजार तीव्र असलेल्या मुलांना ती किलोमागे फक्त 10 मिलिग्रॅम या कमी मात्रेत देऊन पाहिली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात मुलांच्या वेदना आणि दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि रक्ताच्या चाचण्यांचा कमी जाच. 2016 मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या प्रयोगाने दाखवलं की वेग जास्त असलेल्या, पण वर्षभर तरी रक्त मिळालेल्या आणि मेंदूच्या धमन्या फारशा बिघडलेल्या नसलेल्या मुलांना या गोळीवर आणलं तरी वेग आवरता येतो. आणि 2022 मध्ये उत्तर नायजेरियातून निष्कर्ष आला: वेग 200 च्या वर गेलेल्या मुलांना पहिल्यापासून फक्त गोळी दिली, निम्म्यांना किलोमागे 10 आणि निम्म्यांना 20 मिलिग्रॅम, लकव्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. कानो आणि कदुनासारख्या शहरांत हे घडलं, जिथं रक्तपेढ्यांची परिस्थिती आपल्याहून बरी नाही. तिथं यंत्रं नेली, स्थानिक माणसांना तपासणी शिकवून तयार केलं आणि तेच काम चालवत राहिले.

आपल्याकडे एक वेगळाच पेच आहे. महाराष्ट्रात सोनोग्राफी यंत्र म्हटलं की पहिल्यांदा आठवतात त्या गर्भातच मारल्या गेलेल्या मुली. मुंबईतल्या स्त्री चळवळीच्या रेट्यामुळे 1988 मध्ये गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. त्यावर अंमल होत नाही म्हणून मुंबईची ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्थांना आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांना 2000 साली सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. यंत्रांची नोंदणी, हलवाहलवीवर बंधनं, 2012 पासून फिरत्या यंत्रांवर आणखी कडक नियम. हे सगळं आवश्यक होतं आणि आहे. त्यातला एक शब्दही सैल करावा असं मला वाटत नाही. पण या नियमांचा रोख गर्भाचं लिंग ओळखू शकणाऱ्या यंत्रांवर आहे. आस्लिद यांच्या पद्धतीची, चित्र न दाखवणारी टीसीडी गर्भाचं काहीच दाखवू शकत नाही. तिला पाड्यावरच्या शिबिरात नेता येईल अशी स्पष्ट वाट आखून देणं आरोग्य खात्याच्या हातात आहे. नेहमीच्या सोनोग्राफी यंत्रावरही मेंदूचा वेग मोजता येतो, आणि ती यंत्रं जिल्हा रुग्णालयांत आहेतच; फक्त त्यांच्यावर आकडा थोडा कमी भरतो, म्हणून 200 ची रेघही थोडी खाली ओढावी लागते. हे न कळलेल्या हाताने मोजलं, तर धोक्यातलं मूल ‘नॉर्मल’चा कागद घेऊन घरी जाईल.

2016 च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलला जागा मिळाली. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. 17 राज्यांत 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचं रक्त तपासायचं आणि 2047 पर्यंत हा आजार संपवायचा, असं उद्दिष्ट आहे. काटे आणि रामटेके यांच्यासारख्यांनी ज्यासाठी उमेदीची वर्षं घातली ते अखेर देशाच्या पातळीवर आलं, याचा आनंद आहे. पण अभियानाचा भर रक्त तपासून आजार आणि वाहक ओळखण्यावर आहे. ओळखलेल्या मुलाचं पुढे काय, याचं एक ठोस उत्तर 1998 पासून छापलेलं आहे: वयाच्या दुसऱ्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत, वर्षातून एकदा, कानशिलावर नळी.

मीरा-भाईंदरपासून डहाणूपर्यंतच्या पट्ट्यापुरतं बोलायचं तर गरज फार अवाढव्य नाही. पालघरच्या सरकारी रुग्णालयांत ज्या दिवशी सिकलसेलची मुलं गोळ्या न्यायला येतात, त्याच दिवशी टीसीडी करणारा एक शिकलेला माणूस आणि एक यंत्र. परळला केईएमच्या आवारात रक्ताचं ज्ञान आहे, मुंबईत मेंदूचे डॉक्टर आहेत. काही महिने तिथं हात बसवून आलेले दोन-तीन तंत्रज्ञ एवढ्या मुलांना पुरतील. वेग 200 च्या पुढे गेलेलं मूल सापडलं की त्याची गोळी त्याच आठवड्यात सुरू व्हायला हवी, आणि तीन महिन्यांनी तेच कानशील पुन्हा तपासायला हवं.